गॅसवरचा नांगर

बोरीवलीत राहून नांगर विकत घेणारं आमचं घर बहुधा एकटंच असावं. तोही अळू लावण्यासाठी.

घर म्हणजे तळमजल्यावरचा फ्लॅट, आणि त्यात माणसं दोन. मी आणि माझे वडील, म्हणजे नाना. नाना मूळचे मालवणकडचे. नोकरी सगळी मुंबईत झाली, पण आपली मालवणी त्यांनी इथल्या पाण्यात विरघळू दिली नाही. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. मुलांना ‘शूऽऽ’ म्हणते आणि उरलेल्या वेळात वाचते. लग्न केलं नाही. (पुस्तक संपलं की बघू, असं म्हणत राहिले, पुस्तकं संपेनात.) धाकटा भाऊ अभय अमेरिकेत असतो. आणि आई. ती या नांगरप्रकरणाच्या आदल्या श्रावणात गेली.

आई गेल्यावर घरात जे होतं ते आमच्याकडेही झालं. ते सांगायची ही जागा नाही. इथे एवढंच सांगायला हवं, की आमच्या स्वयंपाकघराच्या मागे, मोरीचं पाणी बाहेर पडतं तिथे, दोन खाटा मावतील एवढी जमीन आहे आणि तिच्यावर आईचं अळू होतं. पानं छत्रीएवढी, आणि खाज अजिबात नाही. ती पानं आई दुपारची कापायची आणि बिल्डिंगभर वाटायची. शेजारच्या शुभाकडे फदफद्यासाठी, चौथ्या मजल्यावरच्या दोशींकडे पात्र्यासाठी. (आपल्या अळूवडीला गुजराती मंडळी पात्रा म्हणतात. मूळ कुणाची, या वादात आमच्या बिल्डिंगीत अजून कुणी हरलेलं नाही, कारण बोलताना सगळ्यांची तोंडं भरलेली असतात.)

आई गेली त्या हिवाळ्यात सोसायटीने ड्रेनेजचा पाइप बदलला. खणताना निघालेलं सगळं डेब्रिज त्या तुकड्यावर पडलं आणि कामगारांनी ते इमानेइतबारे तुडवलं. उन्हाळा लागेपर्यंत जमीन इतकी कडक झाली, की गल्लीतली मांजरंसुद्धा आपल्या खासगी कामासाठी दुसरीकडे जाऊ लागली.

आणि आमचे सेक्रेटरी दोशीभाई! माणूस सज्जन, पण मोकळी माती पाहिली की त्यांना पांढऱ्या शर्टावर डाग पाहिल्यासारखं होतं. एप्रिलच्या मीटिंगमध्ये त्यांनी विषय काढला.

“सुमनबेन, ती मागची जागा नुसती पडून हाय. पेव्हर ब्लॉक घालून टाकू. चार स्कूटर ऱ्हातील.”

“तिथे आईचं अळू आहे.”

“किधर हाय?” दोशीभाईंनी खिडकीतून वाकून पाहिलं.

“खाली. कंद आहेत. वर येतील.”

“मे महिन्यात कॉन्ट्रॅक्टर येतो. त्याच्या आधी तिथे बाग दिसली, तर मी काय बोलनार नाय. नाय दिसली, तर ब्लॉक.”

मी मीटिंगमध्ये कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले. “दिसेल,” म्हणाले. एवढं मोठं भाषण केल्यामुळे मला घाम फुटला.

घरी आल्यावर नानांनी कॅलेंडरची पानं श्रावणापर्यंत उलटली. मग म्हणाले, “श्रावणात तिचा वर्षश्राद्ध. पानावर काय बाजारचा अळू वाढतलंस?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या बाजूने ‘ठण्’ असा आवाज आला. जाऊन पाहते तर नाना, वय एकोणऐंशी, हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी पाण्याची बादली उचलायलाही बंदी केलेली, हातात कुदळ घेऊन उभे! कुदळ जमिनीवरून उडून परत त्यांच्याकडेच निघाली होती.

“नाना, टाका ती खाली!”

“मी काय म्हातारो झालंय?”

“डॉक्टर काय म्हणाले होते?”

“डॉक्टर काय अळू लावतलो?”

मी कुदळ काढून घेतली आणि पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशांच्या मागे दडवली. आमच्या घरात माझ्याशिवाय कुणीही फिरकत नाही अशी ती एकमेव जागा. (ही जागा लक्षात ठेवावी. पुढे तिच्यामुळे माझी वाट लागली.)

रविवारी अभयचा व्हिडिओ कॉल आला. आई गेली तेव्हा त्याला वेळेवर पोचता आलं नव्हतं. तेव्हापासून त्याला आमच्यासाठी सतत काहीतरी करायचं असायचं, आणि तिकडून करता येण्यासारखं काही नसायचं. अळवाची गोष्ट ऐकल्यावर त्याचा चेहरा उजळला.

“ताई, टिलर घे!”

“म्हणजे?”

“छोटा नांगर गं, मशीनचा. माझ्या शेजाऱ्याकडे आहे. लाइटवेट घे, तुला एकटीला उचलता येईल असा. आणि गॅसवाला घे हां. विजेच्या मशीनची वायर पायात येते. गॅसवाला बेस्ट.”

“गॅसवर नांगर चालतो?”

“इकडे सगळं गॅसवरच चालतं! माझी गाडी गॅसवर, गवत कापायचं मशीन गॅसवर...”

“आणि संपला की?”

“संपला की भरायचा. कोपऱ्यावर मिळतो.”

“कोपऱ्यावर? नंबर न लावता?”

“नंबर कसला? आपला आपण भरायचा. नळी घ्यायची, आत घालायची, झालं. मी ऑफिसला जाताना भरतो ना!”

“स्वतः? अभय, सांभाळून रे बाबा!”

“काय सांभाळायचंय त्यात? घरी पण एक ठेवलाय भरून, गॅरेजमध्ये. लाल डबा.”

मी नानांकडे वळून हळूच म्हटलं, “लाल म्हणजे घरगुतीच. हॉटेलवाल्यांचा निळा असतो.”

नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा शिकलेला मुलगा, परदेशात, रोज ऑफिसला जाण्याआधी सिलिंडर वाहतो!

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही जन्मभर इंग्रजी वाचता, तुम्हाला एवढं कळू नये? पण माझं इंग्रजी वाचन सगळं विलायतेतलं. त्या पुस्तकांतला खुनीसुद्धा पळून जाताना शिस्तीत पेट्रोल भरतो. शिवाय बोरीवलीतल्या रिक्षा गॅसवर चालतात, हे मी रोज डोळ्यांनी पाहते. रिक्षा चालते, तर नांगराने काय घोडं मारलंय?

नानांची हरकत वेगळीच होती.

“हलको कित्याक घेतंस?” ते म्हणाले. “तुझ्या आईन कधी हलकी वस्तू घरात आणूक नाय. दोन पैसे जास्त जाऊ देत, चांगलो घे.”

“नाना, हलका म्हणजे वजनाला.”

“वजनाक हलको आणि कामाक भारी असो या जगात एकच होतो. गणपतीचो उंदीर.”

मग मी निवडीला बसले. मला कुठलीही वस्तू घ्यायची म्हणजे आधी तिच्यावरचं सगळं वाचून काढायची सवय आहे. (आईने एकदा मला कुकरची रिंग आणायला पाठवलं होतं. मी संध्याकाळी रिंगच्या इतिहासासह परत आले, रिंग न घेता.) मी परदेशी लोकांची मतं वाचली. कुणी म्हणे पाती रुंद हवीत, कुणी म्हणे अरुंद. एका गृहस्थांनी आपल्या टिलरवर इतकं हळवं लिहिलं होतं, की त्यांच्या बायकोबद्दल मला काळजी वाटली. सगळीकडे ‘गॅस, गॅस’ असंच लिहिलेलं. माझी खात्री पक्की होत गेली.

शेवटी वसईच्या पुढच्या एका शेती-अवजारांच्या दुकानात फोन केला.

“गॅसवर चालणारा हलका नांगर आहे का?”

“काय चालणारा?”

“गॅसवर.”

“ताई, नांगर बैलावर चालतो, डिझेलवर चालतो, पेट्रोलवर चालतो. गॅसवर भात शिजतो.”

“अमेरिकेत मिळतो.”

“मग तिकडूनच मागवा की!” त्याने फोन ठेवला.

मला त्या माणसाच्या अज्ञानाची कीव आली. हे वाक्य आज लिहितानाही माझे कान गरम होतात.

मी एवढं वाचतेय आणि घेत काहीच नाही, हे पाहून अभयने शेवटी तिकडे बसून इथल्याच एका ऑनलाइन दुकानातून टिलर मागवून टाकला. कॉन्ट्रॅक्टर यायला आठवडा उरला असताना खोकं घरी आलं. नानांनी खोकं फोडलं, दांडे जोडले, सोबत आलेल्या बाटलीतलं ऑइल इंजिनात ओतलं, यंत्राला कुंकू लावलं, नारळ वाढवला. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं गुंतलेलं पाहिलं नव्हतं. ते रोज मोरीचं पाणी त्या जमिनीवर सोडत होते. “भिजाक होयी,” म्हणायचे. यंत्र स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवलं, सिलिंडर असायचा तिथेच. दिसायलाही ते शोभत होतं. फक्त त्याला रेग्युलेटर बसवायची जागा काही सापडेना.

“आणि जागा गावली तरी लावतलंस काय?” नाना म्हणाले.

खरंच की! बिल्डिंगीत पाइपचा गॅस आला तेव्हाच आम्ही सिलिंडर परत केला होता. मी शुभाकडे गेले. तिच्याकडे जुना सिलिंडर अजून आहे, हे मला ठाऊक होतं.

“कशाला हवाय गं?” शुभाने विचारलं.

“नांगराला लावायला.”

शुभाने मला आपादमस्तक पाहिलं. “सुमन, तू जेवलीस का सकाळी?”

“अगं, गॅसवर चालतो तो.”

“नाही हां यार, सिलिंडर मी देणार नाही. तू बिल्डिंग उडवशील आणि वर माझं नाव सांगशील. पाइपच्या गॅसवाल्यांना विचार ना सरळ.”

सल्ला मला पटला. रविवारी सकाळी ओट्यापाशी उभं राहून मी गॅस कंपनीला फोन लावला. एका मुलीने गोड आवाजात उचलला.

“मला एक वाढीव कनेक्शन हवंय,” मी म्हटलं. “स्वयंपाकघरातून मागे, बागेत.”

“बागेत शेगडी, मॅडम?”

“शेगडी नाही. नांगर.”

पलीकडे कीबोर्ड खटखटला. मग आवाज सावध झाला. “मॅडम, तुम्हाला चक्कर वगैरे येतेय का?”

“नाही, मी बरी आहे.”

“घरात कसला वास येतोय का?”

यंत्र माझ्या पायाशी होतं. नव्या ऑइलचा आणि कसलातरी उग्र वास त्याला येतच होता. मी खोटं बोलत नाही.

“हो. येतोय.”

“किती, मॅडम?”

“चांगलाच.”

“मॅडम, खिडक्या उघडा, कुठलंही बटण दाबू नका आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. आमची गाडी निघाली!”

“अहो, रविवारी कशाला त्रास? सावकाश—”

“बाहेर पडा, मॅडम!”

काय ही तत्परता! मी भारावून गेले. बटण दाबू नका, म्हणजे यंत्र ते स्वतः सुरू करून देणार. सगळ्यांना बाहेर आणा, म्हणजे प्रात्यक्षिक असणार! मी नानांना शर्ट घालायला सांगितला आणि शुभाच्या दारात जाऊन ओरडले, “चल, गॅस कंपनीची माणसं येतायत. सगळ्यांना बाहेर बोलावलंय!”

“सगळ्यांना? का गं?”

“ते आल्यावर सांगतील. वास येतोय का, ते पण विचारत होते.”

शुभा वेंधळी नाही. तिने त्या दोन वाक्यांचा जो अर्थ लावला, तो कुठल्याही शहाण्या माणसाने लावला असता. ती जिन्याच्या तोंडाशी गेली आणि चार मजल्यांना पुरेल अशा आवाजात किंचाळली, “गॅस लीक झालाय रे! पळाऽऽ!”

पुढची पाच मिनिटं आमची बिल्डिंग मुंग्यांच्या उकरलेल्या वारुळासारखी झाली. घाईत माणूस काय उचलतो ते बघण्यासारखं असतं. एक बाई लोणच्याची बरणी घेऊन आल्या. एक काका टीव्हीचा रिमोट. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी गरम कुकर कडेवर घेऊन उतरल्या. दोन शिट्ट्या झाल्या होत्या, तिसरी त्यांनी कंपाउंडमध्ये काढली आणि त्या आवाजाने निम्मे लोक फाटकाबाहेर पळाले. दोशीभाई अर्धी दाढी करून आले, अर्ध्या गालावर फेस. आणि तेवढ्यात भोंगा वाजवत गॅस कंपनीची गाडी आत शिरली.

हेल्मेट घातलेले दोघे उतरले. “लीक कुठे आहे?”

“लीक नाही, कनेक्शन,” मी म्हटलं. गर्दीतून वाट काढत त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि यंत्राकडे बोट दाखवलं. “याला जोडून द्यायचं. फक्त तोंड कुठे आहे ते आम्हाला सापडत नाहीये.”

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मागच्या खिडकीला बिल्डिंगीतली सगळी डोकी लागली होती. नाना मात्र चष्मा पुसून खाली वाकले. टाकीच्या झाकणावर बोट ठेवून ते शाळेतल्यासारखं सावकाश वाचू लागले.

“पे... ट्रो... ल.” मग वर पाहून, “सुमे, हयसर पेट्रोल म्हणान लिवला हा.”

लिहिलेलं होतं. इंग्रजीत, हिंदीत आणि आपल्या मराठीत. मी महिनाभर साऱ्या जगाची मतं वाचली होती. झाकण तेवढं वाचायचं राहिलं होतं.

मी अभयला फोन लावला. तिकडे रात्र झालेली. “अभय, गॅस म्हणजे काय रे?”

“गॅस म्हणजे गॅस. पेट्रोल. का गं?”

“मग पेट्रोल म्हण ना रे, मेल्या!”

“इकडे पेट्रोलला कुणी पेट्रोल म्हणत नाही ताई, सगळे गॅसच म्हणतात. डिक्शनरीत बघ ना, असेल.”

होतंच. नंतर पाहिलं. माझ्या शब्दकोशात छापलेलं होतं. पण मागे कुदळ होती! नानांना ती दिसू नये, म्हणून महिनाभर मी त्या कप्प्याला हात लावला नव्हता.

बाहेर कंपाउंडमध्ये लोकांना खरी गोष्ट कळली. आधी सुस्कारे, मग हसू आणि मग, आपण फुकट पळालो हे लक्षात आल्यावर, संताप. दोशीभाईंच्या गालावरचा फेस वाळून तडकला होता.

“सुमनबेन, बस झ्याला! कॉन्ट्रॅक्टरला मी उद्याच बोलावतो. बाग नाय, काय नाय. ब्लॉक!”

गॅस कंपनीच्या दोघांनी यंत्र उचलून बाहेर आणून ठेवलं होतं. नाना यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. त्या दोन खाटांएवढ्या जमिनीत आईचं जे काही उरलं होतं, ते मी एका शब्दापायी घालवलं होतं.

“कोन ब्लॉक घालतो?” मागून आवाज आला. ज्योत्स्नाबेन, म्हणजे दोशीभाईंच्या पत्नी. त्यांनी पळताना पिठाचा डबा उचलला होता आणि तो अजून काखेत होता.

“तू बोलू नको, सोसायटीचा मामला हाय.”

“मी बोलनार! एक वरस झ्याला, घरात पात्रा नाय. बाजारचा पान आनला, तर रात्रभर गळा खाजवत कोन बसला होता? आता पेव्हर ब्लॉकचे पात्रा करून घालू काय तुमाला?”

सगळी बिल्डिंग हसली. दोशीभाई खाली बघू लागले.

ज्योत्स्नाबेन माझ्याकडे वळल्या. “सुमनबेन, आत्ताच चालू करा. काय पायजे? पेट्रोल? यांच्या स्कूटरमधे हाय.”

अशा रीतीने, आमच्या बागेवर ब्लॉक घालायला निघालेल्या माणसाने स्वतःच्या हाताने, नळी लावून, स्वतःच्या स्कूटरमधलं पेट्रोल आमच्या टाकीत सोडलं. अर्थात हात राखूनच. गॅस कंपनीचे दोघेही गेले नाहीत. त्यांना हे काय होतंय ते बघायचं होतं.

नांगर कुणी धरायचा, हा प्रश्नच नव्हता. नाना पुढे झाले, तशी मी त्यांच्या आणि यंत्राच्या मध्ये उभी राहिले. खटका सोपा होता. दाबून धरला की पाती फिरतात, सोडला की थांबतात. शुभाने यंत्र सुरू करायची दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा यंत्राने असा आवाज काढला, की ग्रंथालयात चाळीस जणांना एकदम ‘शूऽऽ’ म्हणावं लागलं असतं.

पहिली फेरी सुंदर झाली. नानांनी मुरवलेलं पाणी कामाला आलं होतं. माती भाकरीच्या पिठासारखी मऊ होऊन उलटत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आयुष्यात कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मी मान वर करून जरा हसले.

आणि पाती मऊ जमिनीबाहेर, कडेच्या कोरड्या भागावर गेली. हलक्या नांगराची खोड मला तेव्हा कळली. मऊ मातीत तो नांगर असतो. कडक मातीवर तो घोडा असतो! त्याने एक उडी मारली आणि पळत सुटला. आणि मी? घाबरल्यावर माणसं हातातलं सोडतात म्हणे. मी घट्ट धरते. त्या वर्षभरात मला काहीच सोडायला जमलं नव्हतं.

“सोड गोऽऽ, सोड!” नाना ओरडत होते.

इंजिनाच्या आवाजात मला पहिलं अक्षर ऐकूच आलं नाही. मला वाटलं, ‘ओढ’ म्हणतायत. म्हणून मी ओढलं. दांडा खाली गेला, खटका आणखी दाबला गेला आणि घोडा चौखूर उधळला.

“खटका सोड, बावळट!” शुभा.

“अगं ओढतेच आहे!” मी.

आम्ही दोघं, मी आणि तो, कंपाउंडच्या भिंतीच्या कडेकडेने निघालो. दोशीभाईंनी लावलेल्या शोभेच्या झाडांच्या रांगेतून मधोमध गेलो. लोणच्याच्या बरणीवाल्या बाई बाजूला झाल्या; कुकरवाल्या वहिनी कुकर सोडून पळाल्या. पात्यांमध्ये काहीतरी अडकलं होतं आणि ते ठेचलं जाऊन दोन्ही बाजूंना गारांसारखं उडत होतं. एक तुकडा दोशीभाईंच्या वाळलेल्या फेसावर आपटला. दोशीभाईंच्या स्कूटरपासून हातभर अंतरावर यंत्राला उचकी लागली आणि ते थांबलं. पेट्रोल संपलं होतं. सेक्रेटरी कंजूष असण्याचा सोसायटीला झालेला हा पहिला फायदा.

धूळ खाली बसली. मी मागे वळले. नाना वाकून काहीतरी उचलत होते. शर्टाचा घोळ करून त्यात एकेक तुकडा टाकत होते. मग मला कळलं काय उडत होतं ते. आईचे कंद.

“नाना...” मी तेव्हा कुठे दांडा सोडला.

“तुकडे झाले गो,” ते म्हणाले. एक तुकडा त्यांनी डोळ्यांजवळ धरला. अंगठ्याने माती पुसली. मग माझ्यापुढे धरला. “बघ. डोळो आसा.”

कंदाच्या कोंबाला डोळा म्हणतात. त्या तुकड्याला होता. दुसऱ्यालाही होता.

“डोळो आसा म्हणजे येतलो,” नाना म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. “तुझी आई वर्षाक एक ओळ वाढवी. तू एका दिवसात सगळी बिल्डिंग लावलंस!”

तुकडे आम्ही त्याच दिवशी त्या मऊ मातीत लावले. कॉन्ट्रॅक्टर आला तेव्हा ज्योत्स्नाबेन खुर्ची टाकून तिथे शेंगा सोलत बसल्या होत्या. तो विचारून परत गेला.

श्रावणापर्यंत अळू आलं. मागच्या तुकड्यात तर आलंच. पण भिंतीच्या कडेने फाटकापर्यंत, शोभेच्या झाडांच्या मधून, दोशीभाईंच्या स्कूटरपाशी दोन ब्लॉकच्या फटीतून, जिथे जिथे तुकडा पडला होता आणि कुणाला दिसला नव्हता, तिथे तिथे आलं. वर्षश्राद्धाच्या दिवशी नाना कात्री घेऊन एकटेच खाली गेले आणि छत्रीएवढी पानं घेऊन आले. आईच्या पानावर तिचंच अळू वाढलं. अभय फोनवर पाहत होता. मग नाक पुसून म्हणाला, “बघ, मी सांगितलं होतं ना, गॅसवाला घे?”

आता घरोघर अळू झालं, म्हणून आमचं वाटप थांबलं असेल असं कुणाला वाटेल. उलटंच झालं. तुमच्यामुळे आलं, म्हणून प्रत्येक घरातून डबे आमच्याकडे येऊ लागले. शुभाचं फदफदं, ज्योत्स्नाबेनचा पात्रा, कुकरवाल्या वहिनींचं हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घातलेलं अळू. नको म्हणायची सोय नव्हती. मी महिनाभर दोन्ही वेळा अळू खाल्लं आणि एके दिवशी पोट धरून डॉक्टरांकडे गेले. नानांना बादलीची बंदी करणारे तेच डॉक्टर. सोबतीला नाना होते.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. “काही विशेष नाही,” ते म्हणाले. “गॅस झालाय.”

मी आता शहाणी झाले आहे. शब्दाची खात्री करून घेतल्याशिवाय पुढे जात नाही. मी विचारलं, “डॉक्टर, आपल्याकडचा, की अमेरिकेतला?”

डॉक्टरांनी नानांकडे पाहिलं. नानांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात ठेवला.